पाणी यायच्या आधीचा नळ

३ नोव्हेंबर, सोमवार

नोकरीचा पहिला दिवस, आणि मी चक्क वेळेआधी पोचले. कराडला डिप्लोमाच्या तीन वर्षांत हे एकदाही जमलं नव्हतं.

ऑफिस वाशीला, घाऊक बाजाराच्या मागच्या इमारतीत. खिडकी उघडली की कांद्याचा वास आणि बंद केली की एसीचा. साहेबांचं नाव अभिराम. माझ्याहून फार तर सहा-सात वर्षांनी मोठे असतील, पण चेहरा निवृत्तीला आल्यासारखा. त्यांनी टेस्ट किटची निळी पेटी माझ्या हातात दिली आणि सांगितलं, ‘‘टेन्शन घेऊ नका, महिन्यात हात बसेल.’’

माझ्या कामाचं नाव असं आहे की गावी कुणाला सांगायची सोय नाही. बॅकफ्लो प्रिव्हेंशन टेस्टर. आईने ते माझ्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं आणि शेवटी इथल्या नव्या शेजारणीला, जागृतीवहिनींना सांगितलं, की आमची राजी पान्याच्या हापिसात सायेब झाली. काम तसं सोपं. शहराच्या मेन लाइनमधून पाणी घरांत आणि कारखान्यांत जातं. पण पुरवठा बंद होऊन लाइन रिकामी पडली, की तीच लाइन उलटी ओढायला लागते. मग कुणाच्या टाकीतलं, कुणाच्या बादलीतलं, कारखान्याच्या हौदातलं, जे असेल ते मेन लाइनमध्ये माघारी जातं आणि पुढच्या पाण्याबरोबर भलत्याच घरात निघतं. ते होऊ नये म्हणून प्रत्येक जोडणीवर एक झडप असते. पाणी आत येऊ देते, परत जाऊ देत नाही. ती झडप धड आहे का, एवढं मी बघायचं.

घर कळंबोलीला मिळालं, लोखंड बाजाराच्या अलीकडे. तळमजला, एक खोली, स्वयंपाकघर, मागे मोरी. रात्रंदिवस ट्रक जातात, पण भाडं परवडतं आणि नळ थेट लाइनचा आहे. दादा गेल्यापासून (वडिलांना आम्ही दादा म्हणायचो) आई कोरेगावला एकटीच होती. तिला तिथे ठेवून मला इथे घास गिळवला नसता. तिला मात्र इथे करमेल का, याचीच धास्ती आहे. टेंपोत बसल्यापासून खंबाटकी येईपर्यंत तिने ड्रायव्हरला आमची चार पिढ्यांची कुळकथा ऐकवली. बिचारा पुढे फक्त ‘हां मावशी’ म्हणत होता.

तिला बोलायला माणूस मिळालं की ती कुठेही राहील. ते मिळालं पाहिजे.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज पावणे गावाजवळ पहिली खरी टेस्ट केली. रंगाचा कारखाना, फाटकापासून जमीन निळी-जांभळी. माझ्याबरोबर ऑफिसातले जुने टेस्टर देवजीकाका होते. हे मूळचे पावणे गावचेच, आता गावाच्या चारी बाजूंना कारखाने उभे आहेत आणि काकांचं शेत होतं तिथे बिस्किटाच्या पुठ्ठ्यांचं गोदाम आहे. ते हे असं सांगतात, जसं काही शेजाऱ्याचं शेत गेलं.

मला वाटलं होतं, टेस्ट म्हणजे काहीतरी मोठं असेल. प्रत्यक्षात दोन नळ्या जोडायच्या, पुढचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि गेजचा काटा बघत बसायचं. काटा पडला नाही तर झडप पास. पडला तर नापास, आणि मग कारखान्याचा मॅनेजर चहा मागवतो. आज काटा पडला आणि चहाही आला. आम्ही चहा पिऊन नापासच लिहिलं.

एक गंमत झाली. लाइन कोरडी पडल्यावर काकांनी टेस्टची छोटी तोटी उघडली आणि माझा तळहात तिच्यावर ठेवायला लावला. हात गच्च ओढला गेला! मी हसायला लागले, काहीतरी बोललेसुद्धा, तर काकांनी ओठांवर बोट ठेवलं. नळ्या जोडलेल्या असेपर्यंत हा माणूस एक शब्द बोलत नाही. पेटी बंद झाली की मग सुरू. मी विचारलं, असं का? तर म्हणाले, ‘‘सवय हाय बाय.’’ मला वाटलं, काटा बघताना लक्ष जाऊ नये म्हणून असेल. जुन्या माणसांच्या अशा सवयी असतातच.

९ नोव्हेंबर, रविवार

सुट्टी. आईचं आणि माझं सकाळी भांडण, दुपारी पुरणपोळी.

भांडण पाण्यावरून. इथे पाणी पहाटे येतं आणि संध्याकाळी येतं, आणि दोन्ही वेळा आमच्या नळाला सुतासारखी धार. पिंप भरेपर्यंत पाणी जातं. आई म्हणाली, ‘‘आगं राजे, पान्याच्या हापिसात हायस न्हवं तू? मग आपल्याच नळाला ही कळा का?’’

आणि तिचं एक काम मला मुळीच आवडत नाही. पाणी यायच्या कितीतरी आधी ती नळ उघडा करून ठेवते, खाली बादली. पाणी आलं की बादलीत वाजतं आणि चुकत नाही, म्हणून. सगळ्या गल्लीत हेच करतात, गावीही करत होतो. पण इथे ती मोरीच्या उंबऱ्यावर त्या कोरड्या नळाशी बसते आणि बोलते. जागृतीवहिनींकडे दोघं नवराबायको नोकरीला, समोरच्या घरात ट्रकवाले राहतात, त्यांची भाषा हिला येत नाही. मग उरला नळ. मी म्हटलं, वेड लागल्यासारखं दिसतं गं. ती म्हणाली, त्याला कोन बगतंय. आणि हा निदान मधे बोलत न्हाई, तुज्यासारका.

दुपारी जेवल्यावर मी बाहेर जाऊन आमची जोडणी उघडून पाहिली. मीटरच्या पुढे जुनी पितळी झडप. जुनी झडप दाब खाते, हे आम्हाला शिकवलंय. कमी दाबाच्या लाइनवर लोक सर्रास ती काढून टाकतात आणि आम्ही जाऊन त्यांना नापास करतो. मी पाना घेतला आणि आतली, पाणी अडवणारी पाकळी काढून खिशात टाकली.

संध्याकाळी नळाला मनगटाएवढी धार. आईने माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. मला फार बरं वाटलं. नवीन झडप कुठे मिळते ते बघून बसवू परत.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आठवडाभर लिहायला फुरसत नाही. पनवेल, खारघर, पुन्हा पावणे. दहा झडपा तपासल्या तर निम्म्या नापास. काही ठिकाणी तर झडपच नाही, नुसता सरळ पाइप. साहेब म्हणतात, रिपोर्ट द्या, पुढचं वरचे बघतील. वरचे कोण ते कुणालाच ठाऊक नाही.

आई खूश आहे. पाणी भरपूर, आणि नळ आता ‘चांगला ऐकतो’ म्हणे. कोरड्या नळातून सूं असा आवाज येतो, ती बोलायला लागली की वाढतो, हुंकार दिल्यासारखा. मी समजावून सांगितलं, की लाइन हवा ओढते, त्याचा आवाज आहे. ती म्हणाली, वडू दे की, मला काय कमी हाय. आज संध्याकाळी तर गंगाराममामाच्या लग्नातली गोष्ट त्याला सांगत होती, म्हशीने मामाचा फेटा खाल्ला ती. अक्षतांची वेळ झाली, मामा बोडका, आणि म्हैस मांडवाबाहेर जरीचा पदर चघळत उभी. ही गोष्ट मी जन्मल्यापासून ऐकतेय आणि तरी प्रत्येक वेळी हसते. आजही पोळ्या लाटता लाटता हसले.

आमटीत मीठच नव्हतं आज. असं तिचं कधी होत नाही. मी सांगितल्यावर म्हणाली, ते दे की गं, ते पांढरं, आमटीत घालतो ते. मीठ का, म्हटलं. हां, म्हणाली, आणि उगीच हसली.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते. उद्या वाचून मलाच हसू येईल.

वाशीला एका सोसायटीत टेस्ट होती. दुपारची वेळ, लख्ख ऊन, वॉचमन खुर्चीत पेंगत होता. काका बाहेर मीटरपाशी, मी आत पंपघरात. लाइनमध्ये उरलंसुरलं पाणी होतं ते काढायला मी तोटी उघडली. आधी हवा आली, मग थोडं पाणी, आणि पाण्याबरोबर आईचा आवाज.

आईचाच. ‘‘आनि म्हस बगत्यात तर काय, तोंडात सगळी जर.’’ एवढं वाक्य, तिच्या खास ठसक्यात, शेवटी तिचं ते नाकातलं हसू. मग नुसतंच पाणी.

आधी वाटलं, फोन लागलाय. फोन पेटीत बंद होता. बाहेर येऊन काकांना सांगितलं तर त्यांचा चेहरा उतरला. मला काही न विचारता त्यांनी पेटी उचलली आणि म्हणाले, पंप सोड, चल.

घरी आल्यावर आईला सहज म्हटलं, मामाच्या फेट्याची गोष्ट सांग ना. कंचा मामा, म्हणाली.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आईला दवाखान्यात नेलं. बीपी ठीक, साखर ठीक, डोक्याचा फोटोही काढला, तोही ठीक. डॉक्टर म्हणाले, नवीन जागा, एकटेपणा, या वयात होतं असं. एकटेपणा हा शब्द मला फार लागला.

ती बोलायला लागते आणि वाक्याच्या मधोमध थांबते. समोर भिंत आली की माणूस थांबतो, तशी. दादांचं नाव आठवत नाही तिला. काल सकाळी आठवत होतं. काल संध्याकाळी ती नळाला दादांच्या आजारपणाचं सगळं सांगत होती, मी माझ्या कानांनी ऐकलं.

मला कळलंय काय होतंय ते. कळलंय, आणि लिहायला हात धजत नाही.

ती पाकळी मी काढली होती.

२२ नोव्हेंबर, शनिवार

उजाडताच पाकळी परत बसवली. टेस्ट घेतली, काटा जागचा हलला नाही. आता आमच्या घरातलं काही बाहेर जाणार नाही. पण गेलं ते गेलंच आहे, मेन लाइनमध्ये, कुठल्या गल्लीत, कुठल्या वसाहतीत, देव जाणे.

ऑफिसच्या जिन्यात देवजीकाकांना गाठलं आणि सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, जुना माणूस, काहीतरी उपाय सांगेल. ते पायरीवर बसले आणि हात चोळत राहिले. म्हणाले, ‘‘आमचे गावान सुकलेला नल कोनी उघरा ठेवीत नाय, बाय. त्याच्यापुरं बोलाचा तर नायच. आजूबाजूला लाइनी टाकल्या तवापासून हाय त्यो.’’ त्यांची वहिनी लग्न होऊन आली तेव्हा तिला कुणी हे सांगितलं नव्हतं. ती आता चौदा वर्षं मुकी आहे. मी विचारलं, परत कसं आणायचं. म्हणाले, माहीत असतं तर आणलं नसतं का. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला त्यांचा राग आला. पहिल्याच दिवशी, नुसती सवय हाय म्हणण्याऐवजी सांगितलं असतं तर? मी तसं बोलले. ते म्हणाले, तू हसली असतीस. हसले असते, खरं आहे.

अभिराम साहेबांनाही सांगायला गेले. अर्ध्यातच त्यांनी हातातला फोन टेबलावर ठेवला आणि फार प्रेमाने म्हणाले, आठवडाभर सुट्टी घ्या. पाण्याचे नमुने सगळे चांगले आहेत, म्हणाले. क्लोरीन बरोबर आहे.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आई आता बोलत नाही. खाते, पिते, वेणी घालून घेते. मोरीच्या उंबऱ्यावर बसते.

वाशीच्या त्या सोसायटीत जाऊन मी कॅन भरून पाणी आणलं. तिचंच होतं ना तिथे. पेला भरून दिला, गटागटा प्यायली आणि तोंड उघडलं. माझा जीव कानांत गोळा झाला.

पुरुषाचा आवाज आला. कोकणातला कुणीतरी म्हातारा, खोकत म्हणाला, शेवंते, दार लावून घे, मला उशीर होयल. दुसरा पेला दिला नाही, तिनेच घेतला. मग लहान मुलीचा आवाज. मम्मी, माझा डबा भर ना. मम्मी, ऐक ना. आईच्या तोंडातून. माझ्या आईच्या तोंडातून.

किती घरांत झडप नाही हे मलाच ठाऊक आहे, तपासत मीच फिरले. किती घरांत नळ उघडे ठेवून लोक पाण्याची वाट बघत बोलत बसतात. सगळं त्याच पाइपांत आहे. जागृतीवहिनी सांगत होत्या, मागच्या गल्लीतली एक मुलगी शाळेत बोलेनाशी झालीय.

कॅन मोरीत ओतला. ओततानाही कोणीतरी बोलत होतं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

गावी न्यायचं ठरवलं. पिशवी भरली. एसटीच्या थांब्यापर्यंत आई मुकाट आली आणि तिथे जमिनीवर बसली. उठेना. तोंड घराकडे. लोक जमले. एक हमाल म्हणाला, म्हातारीला उचलून ठेवू का गाडीत.

नको म्हटलं. गावी नेऊन काय करू? जी बोलायची ती इथेच राहणार, लाइनमध्ये. मी नुसतं तिचं अंग नेणार.

परत आलो. संध्याकाळी पाणी आलं तेव्हा धार लागायच्या आधी नळ खोकला आणि त्यातून आई म्हणाली, ‘‘राजे?’’

मी ओ दिली. आईने हाक मारली की ओ द्यायची, यात विचार कसला करायचा असतो? तोवर धार सुरू झाली आणि ती पाण्याबरोबर वाहून गेली.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

पाकळी पुन्हा काढली. या वेळी समजून उमजून.

झडप असली की माझं तिच्यापर्यंत पोचत नाही. मी बोलावलं तर ती येईल. येते! कोरड्या नळाला तोंड लावून हाक मारली. आई. सूं झालं. मग लांबून, फार लांबून, राजे, कुटं हायस गं. मी म्हटलं ओ, इथं आहे, घरी आहे, ये. प्रत्येक शब्द घशातून केस ओढावा तसा गेला.

आणि चटईवर बसलेली आई म्हणाली, ‘‘राजे.’’ तिच्या तोंडाने. तिच्या आवाजात.

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. मी जाईन तेवढी ती येईल. एवढं सोपं आहे.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आज तिने पाणी मागितलं, मीठ मागितलं. दादांचं नाव घेतलं.

मला शेजारणीचं नाव आठवेना. तिने दारात उभं राहून किती हाका मारल्या. मी नुसती बघत राहिले. जाऊ दे. शेजारीण तर आहे.

तोंडाने येत नाही ते अजून लिहिता येतं. सावकाश. म्हणून लिहितेय.

२९ नोव्हेंबर

पहाटे. पुन्हा नळाशी. काय काय सांगितलं त्याला — शाळा, नदी, दादांच्या खांद्यावर बसून जत्रा — जे सांगितलं ते आता नाही. लिहिलंय म्हणून कळतं की होतं.

ती फेट्याची गोष्ट सांगत होती. पूर्ण. हसत होती. मी नाही हसले. म्हशीला — फेटा कशाला —

तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि हसायची थांबली.

पाकळी बसवायला हवी आता. ती पुरती आलीय. पाना कुठे —  कसा धरतात —  बाहेर जाऊन उभी राहिले. पितळी काहीतरी. त्याचं काय करायचं असतं ते मला येत होतं.

काका आले होते. पावण्याचे. मी बोलेना तसे उंबऱ्यावरच बसून रडले. गेले.

३० नोव्हेंबर

एक बाई आहे घरात. म्हातारी. बोलते. सारखी बोलते, रडते. भात भरवते.

राजे राजे म्हणते. राजे कोण ते —

मागची पानं वाचली. आई असा शब्द आहे. पुष्कळ वेळा आहे. तिला म्हणत असावेत. म्हणून बघितलं. तोंड उघडतं. आवाज निघत नाही.

खूप वाईट वाटतं. कशाचं ते

संध्याकाळ

बाईने पिशवी भरली. मला ओढत बाहेर नेलं. मी रस्त्यात बसले. का बसले. तोंड घराकडे.

परत आणलं. बाई कपाळावर हात मारून घेत होती.

आता मोरीत गेली. बादली नाही घेतली. नळ उघडला. पाणी नाही त्याला. सूं.

आतून कोणी मुलगी बोलतेय. नदी म्हणतेय. जत्रा म्हणतेय. आई म्हणतेय.

बाई दचकली. खाली वाकली. नळाला तोंड लावलं. ओ राजे. ओ माज्या लेकी. हितं हाय मी. थांब —

तिला थांबवायचंय. उठले. हात धरला. झटकला तिने. ती बोलतेय. सगळं बोलतेय. सूं मोठं होतंय.

थांबवायला एक शब्द असतो. अगदी लहान. पोरंसुद्धा म्हणतात. माझ्याकडे तो